गिरिजाक्का आणि चार मिलिमीटर

गिरिजाक्का, तू गेलीस त्याला आज अठरा दिवस झाले आणि मला अजून तुझा हेवा वाटतो. गेलेल्या माणसाचा हेवा करू नये हे कळतं, पण वळत नाही.

तुझ्या लेकीचा, शैलाचा, फोन आला होता. देवणीची शाळा तुझ्यावर स्मरणिका काढणार आहे, त्यात चार पानं लिहून द्या म्हणाली. मावशी, तुमच्याइतकं आईला कोण ओळखतं, असंही म्हणाली. मी हो म्हटलं आणि कागद घेऊन बसले. पण तुझ्याबद्दल चांगलं लिहायला घेतलं की माझा हात अडतो. चांगलं सगळं खरं आहे, म्हणूनच अडतो. म्हणून म्हटलं, तुझ्याविषयी कशाला लिहू, तुलाच लिहिते. तुझ्याशी भांडताना मला शब्दांची कधी अडचण आली नाही.

आपण दोघी नांदेडला सरांच्या हाताखाली संशोधनाला लागलो तेव्हा लातूर नुकतंच वेगळा जिल्हा झालं होतं. तू देवणीच्या आडत दुकानदाराची मुलगी, गळ्यात इष्टलिंग, पाठीवर घट्ट वेणी, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. मी मुखेडच्या एसटी कंडक्टरची मुलगी. पहिल्याच दिवशी माझ्या केसातल्या दोन पिना उडून मॅग्नेटला जाऊन चिकटल्या. सरांनी तुझ्या वेणीकडे बघितलं. तुझ्या केसात एकही पिन नव्हती, कारण मॅग्नेटजवळ काम करायचंय हे तू आदल्या दिवशीच कुणाला तरी विचारून ठेवलं होतंस. माझी सुरुवात तिथून झाली.

आपण तिथे काय करायचो, ते ही स्मरणिका वाचणाऱ्यांसाठी सांगते, तू जरा गप्प बस. काचेच्या पट्टीवर लोखंड आणि निकेलचा थर चढवायचा. केसापेक्षा शेकडो पटींनी पातळ. त्याला आपण फिल्म म्हणायचो. एवढ्या पातळ थराचं चुंबकत्व वजन करून किंवा खिळे चिकटवून कळत नाही. म्हणून ती फिल्म मोठ्या विजेच्या मॅग्नेटच्या दोन तोंडांमध्ये ठेवायची, तिच्यावर ठरावीक लयीच्या सूक्ष्मलहरी सोडायच्या आणि मॅग्नेटचा जोर हळूहळू वाढवत न्यायचा. फिल्मच्या आतली बारीक बारीक चुंबकं कललेल्या भोवऱ्यासारखी डुलत असतात. जोर वाढेल तसा त्यांचा डुलण्याचा वेग वाढतो. एका जागी त्यांची लय आणि लहरींची लय जुळते, फिल्म त्या लहरी पिऊन टाकते आणि मीटरचा काटा पडतो. पुढे गेलं की परत वर येतो. याला म्हणायचं फेरोमॅग्नेटिक रेझोनन्स. काटा कुठे पडला त्यावरून फिल्म किती ताकदीची ते कळायचं. किती अरुंद जागेत पडला त्यावरून ती किती एकसारखी आणि स्वच्छ आहे ते कळायचं.

तुझ्या फिल्मचा काटा विहिरीत बादली सुटावी तसा पडायचा. माझा रेंगाळत, इकडे तिकडे बघत उतरायचा आणि तसाच वर यायचा. ग्राफ काढला की तुझी रेघ सुईसारखी आणि माझी फतकल मारून बसलेली. एकच मशीन, एकच धातू, एकाच दुकानातून आणलेल्या काचा. खोटं कशाला बोलू, मी तुझे ग्राफ तू नसताना काढून बघत असे आणि त्यात चूक शोधत असे.

तू मला सांगितलंही होतंस. थर चढायचा तो हवा काढून घेतलेल्या काचेच्या हंडीत, आणि चढवून झाला की तू ती हंडी दुसऱ्या दिवसापर्यंत उघडायची नाहीस. मी तासाभरात उघडायची. फिल्म गरम असतानाच तिला हवा लागायची. तू म्हणायचीस, "विमे, थंड होऊ दे गं, कुठं पळून जाती का ती?" मला वाटायचं, ही मला शहाणपण शिकवते. तू सांगितलंस म्हणूनच मी ते केलं नाही. पुढे वीस वर्षांनी तू एकदा सहज विचारलंस, तुझी रेघ रुंद का यायची ते कळलं का तुला कधी, तर मी हरभऱ्याच्या भावावर बोलायला लागले. तो वाद तसाच राहिला. तुझं बरोबर होतं.

त्या दोन वर्षांत पावसाने अशी ओढ दिली की गोदावरीच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळायची. नळाला सहा सहा दिवसांनी पाणी. आणि आपल्या मॅग्नेटच्या कॉइलना तर थंड ठेवायला सतत पाणी लागायचं, नाही तर त्या तापून वास यायचा. सरांनी एक लोखंडी पिंप आणून ठेवलं आणि टँकर आला की आपण दोघी बादल्या घेऊन रांगेत. रांगेतल्या बायका बघायच्या. प्रयोगशाळेतले खाजाभाई एक दिवस न राहवून म्हणाले, "बाई, लोकांला प्यायला पानी न्हाई, अन तुम्ही लोखंडाला पाजून राहिल्या."

मी रागावले. तू रागावली नाहीस. तू दुसऱ्या दिवशीपासून टँकरच्या रांगेत उभी राहणं बंद केलंस आणि होस्टेलच्या मुलींनी डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी जुन्या लुगड्यातून गाळून पिंपात ओतायला लागलीस. मॅग्नेटला काय, कसलंही पाणी चालतं. खाजाभाई त्यानंतर तुला ताई म्हणायला लागले. मला शेवटपर्यंत बाईच म्हणाले. पाणी गाळायची साधी गोष्ट, ती मला का सुचली नाही म्हणून मी दोन दिवस नीट जेवले नव्हते.

आता त्या पाटीचं सांगते. सरांचा एक नियम होता. मॅग्नेटच्या अंगाला दोरीने शाळेतली दगडी पाटी बांधलेली होती. मॅग्नेटच्या दोन तोंडांमधलं अंतर, ज्याला आपण गॅप म्हणायचो, ते कुणी बदललं तर पाटीवर तारीख, नवं अंतर आणि आपलं नाव लिहायचं. कारण मॅग्नेटचा जोर आपण थेट मोजत नव्हतो. किती करंट दिला की किती जोर येतो, याचा एक तक्ता भिंतीवर लावलेला होता आणि तो तक्ता एका ठरलेल्या गॅपचा होता. गॅप बदलली की तक्ता खोटा.

माझं काम फिल्म उभी धरून मोजण्याचं होतं, त्याला जोर भरपूर लागतो. जोर वाढवायचा तर करंट वाढवायचा, करंट वाढवला की कॉइल तापणार, आणि पिंपात हातभर पाणी. मग मी एका दुपारी सोपा रस्ता काढला. गॅपच कमी केली. चार मिलिमीटर. तेवढ्याच करंटमध्ये जोर वाढला. माझ्या वहीत मी नवी गॅप लिहिली, तिच्यासाठी दोन-तीन जागी जोर मोजून घेतला. पाटीवर लिहिणार, तर पेन्सिल सापडेना. तेवढ्यात खाजाभाईंनी खालून हाक मारली की टँकर आला. मी खोलीवरच्या पाण्यासाठी बादली घेऊन पळाले. तिथून खोलीवर, आणि दुसऱ्या दिवशी मामेबहिणीच्या लग्नाला मुखेडला. इथपर्यंत तो विसर होता, अक्का. देवाशपथ विसर होता.

पाच दिवसांनी परत आले तर प्रयोगशाळेत चहा आणि जिलेबी. तुझ्या नव्या फिल्मचा काटा नेहमीपेक्षा बराच अलीकडे, म्हणजे कमी जोरालाच, पडला होता. हिशेब केला तर फिल्मचं चुंबकत्व खुद्द त्या धातूच्या गोळ्यापेक्षा जास्त निघत होतं. तू तीन वेळा मोजलं होतंस, तिन्ही वेळा तेच. सर, जे कधी कुणाला बरं म्हणत नसत, ते खुर्चीवरून उठून येरझाऱ्या घालत होते. इतक्या पातळ थरात काहीतरी वेगळं घडत असावं, यावर पेपर लिहायचा, असं चाललं होतं. मी मॅग्नेटकडे बघितलं आणि मला क्षणात कळलं. काटा अलीकडे पडला नव्हता. जोर वाढलेला होता आणि तुझ्या हातात जुना तक्ता होता.

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. तेवढ्यात सर माझ्याकडे वळून म्हणाले, "विमल, फिल्म कशी करायची ते हिच्याकडून शीक जरा." तू हसून मला जिलेबी पुढे केलीस. मी जिलेबी खाल्ली आणि तोंड मिटलं.

उद्या सांगू म्हटलं. उद्या गेला, परवा गेला. मी गुपचूप गॅप पूर्ववतही केली नाही, कारण मग तुला फरक दिसला असता आणि शोध लागला असता. मग लातूरच्या नव्या कॉलेजची जाहिरात आली. पदार्थविज्ञान, जागा एक. आपण दोघींनी अर्ज केला. तुझ्या अप्पांनी तुला दिवाळीपर्यंतची मुदत दिली होती, नोकरी लागली तर ठीक, नाही तर उदगीरचं कापड दुकानवाल्यांचं स्थळ. ते मला माहीत होतं. तूच सांगितलं होतंस, रडत सांगितलं होतंस, ते स्थळ नको म्हणून नाही, तर मॅग्नेट सुटेल म्हणून.

मुलाखतीला आपण एकाच गाडीने गेलो. लातूरला कचेऱ्यांवर 'जिल्हा' शब्द ताज्या रंगाने लिहिला होता, अजून वास येत होता. एका पाटीखाली घागरी घेऊन बायका बसल्या होत्या. त्यातली एक दुसरीला म्हणाली, "जिल्हा झाला म्हणं. मंग पानी कुठाय?" तू खूप हसलीस.

तुझा नंबर आधी होता. दाराला नुसता पडदा, मी बाकावर, सगळं ऐकू येत होतं. बाहेरगावाहून आलेला एक म्हातारा तज्ज्ञ होता. त्याने शांतपणे विचारलं, फिल्ममध्ये धातू तोच, मग धातूपेक्षा तिचं चुंबकत्व जास्त कसं? दुसरी कुणी असती तर तिने पृष्ठभागाचं, ताणाचं, काहीबाही सांगून वेळ मारून नेली असती. मी तरी नेलीच असती.

तू म्हणालीस, "सर, माझ्या मापात चूक असंल. कुठं हाय ते आत्ता सांगता येत न्हाई. परत मोजून बघते."

त्याने विचारलं, मग हा पेपर? तू म्हणालीस, पाठवणार नाही. बाहेर आलीस तेव्हा तुझा चेहरा उतरलेला होता, तरी माझा पदर सारखा केलास आणि म्हणालीस, घाबरू नको, म्हातारा मापाचं विचारतो, तुझी मापं चोख आहेत. अक्का, त्या क्षणी मला तुझा जितका राग आला तितका आयुष्यात कुणाचा आला नाही. मी आत गेले. माझी रुंद, फतकल रेघ दाखवली, गॅपचं माप विचारल्यावर वहीतून चोख वाचून दाखवलं. जागा मला मिळाली.

महिन्याभराने मी नांदेडला माझं सामान आणायला आले. तू पिंपात पाणी ओतत होतीस. मॅग्नेटवरच्या पाटीवर तुझ्या अक्षरात लिहिलेलं होतं. मी गॅप सरकवली त्या दिवसाची तारीख. नवी गॅप, चार मिलिमीटर कमी. आणि नावाची जागा कोरी. तारीख फक्त माझ्या वहीत होती आणि मुलाखतीनंतर ती वही मी इथेच टेबलावर सोडून गेले होते, म्हणजे तुला सगळं कळलं होतं. मी तुझ्याकडे बघितलं. तू म्हणालीस, "चहा टाकू का?" मी म्हटलं, माझी अहमदपूरमार्गे साडेचारची गाडी आहे. गाडी साडेपाचची होती, तेही तुला माहीत होतं.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. तुझं लग्न झालं, माप दुरुस्त करून तू पीएचडी पूर्ण केलीस, पण मॅग्नेट सुटलं ते सुटलंच. देवणीच्या शाळेत आठवी ते दहावीला विज्ञान शिकवायला लागलीस. मी लातूरला प्राध्यापक, मग विभागप्रमुख. माझ्याकडे मुलं मार्कांसाठी यायची आणि मार्क मिळाले की जायची. तुझ्याकडे यायची ती जायचीच नाहीत. बाजारात तुझ्याबरोबर चालायचं म्हणजे दर दहा पावलांना कुणीतरी तुझ्या पाया पडणार आणि मी पिशवी धरून बाजूला उभी. मला मोठी नोकरी मिळाली आणि तुला ते मिळालं. मी ते कधी माफ केलं नाही.

दर वर्षी वेळ अमावास्येला, आपल्याकडच्या शेतात पूजा करून जेवायच्या सणाला, तू मला भावाच्या शेतावर बोलवायचीस. शेंगा-पालेभाज्यांची घोटलेली भज्जी, भाकरी, मडक्यातली आंबील, झाडाखाली आपण दोघी. दर वर्षी मला वाटायचं, आज ही विषय काढणार. मी मनात उत्तर तयार करून यायची. तू माझ्या ताटात आणखी भज्जी वाढायचीस आणि माझ्या गुडघ्यांची चौकशी करायचीस. लातूरला रेल्वेने पाणी आणायची पाळी आली त्या उन्हाळ्यात तू दुधाच्या गाडीतून दर आठवड्याला माझ्यासाठी दोन कॅन पाठवलेस. ते पाणी मी प्यायले, त्याचे आभारही मानले. आज परत मानते. पण एक शब्द बोलली असतीस, एक शिवी दिली असतीस, तर मी तुझ्या बरोबरीला आले असते. तू मला कायम एक पायरी खाली ठेवलंस.

परवा शाळेच्या मैदानात तुझी शोकसभा झाली. मांडव भरून बाहेर माणसं उभी होती. मी मोजायला लागले होते, मग सोडून दिलं. तुझा एक जुना विद्यार्थी बोलायला उठला. त्याचा उदगीर रस्त्याला वजनकाटा आहे, उसाच्या आणि सोयाबीनच्या गाड्या तोलतो. तो म्हणाला, बाई दर वर्षी नववीच्या वर्गाला एक गोष्ट सांगायच्या. "बाई म्हणायच्या, मी मॅग्नेटची गॅप सरकवली अन पाटीवर लिव्हायचं इसरले. माझाच हात, माझीच चूक. एवढ्या चार मिलिमीटरनं माझी नोकरी गेली. तवा पोरांनो, आधी आपलं माप तपासा." त्याने सांगितलं की तेव्हापासून तो रोज सकाळी पहिली गाडी यायच्या आत रिकामा काटा तपासतो. लोकांनी माना डोलावल्या. कुणी डोळे पुसले.

तीसेक वर्षं, दर वर्षी, वर्ग भरून मुलांना तू हे सांगत होतीस आणि मला पत्ता नव्हता.

मी उठले. कुणी बोलावलं नव्हतं तरी माइकपाशी गेले. म्हटलं, ती गॅप गिरिजाक्काने सरकवली नव्हती. मी सरकवली होती. लिहायला विसरले आणि नंतर कळूनही सांगितलं नाही, कारण मला तिचा हेवा वाटत होता. तिची नोकरी मी खाल्ली. एवढं बोलून मी थांबले. चाळीस वर्षांनी एकदाचं बोलले होते आणि आता लोक जे म्हणतील ते ऐकायची माझी तयारी होती.

मग वजनकाट्यावाल्याने मला हात जोडले. पुढच्या रांगेतल्या एक म्हाताऱ्या बाई पदर डोळ्याला लावून शेजारणीला म्हणाल्या, अशी मैत्रीण मिळायला भाग्य लागतं. मला काही कळेना. शैला आली, माझा दंड धरून मला खुर्चीकडे घेऊन गेली. ती माझ्या कानाशी म्हणाली, "मावशी, आईनं सांगूनच ठेवलं होतं. ही गोष्ट कधी निघाली तर विमल सगळं आपल्या अंगावर घेईल, तिचं ऐकू नका म्हणून."

सभेनंतर लोक माझ्या पाया पडले, अक्का. तुझी चूक मोठ्या मनाने स्वतःवर घेतली म्हणून. मी सांगत होते, अहो, खरंच मी केलंय, माझ्याकडे वही आहे. ते आणखी वाकत होते.

हे असंच्या असं शैलाला पाठवते आहे. छापलं तरी लोक काय म्हणतील ते आता मला माहीत आहे. रेघ तुझी सरळ, वेणी तुझी घट्ट, मुलं तुझी, मांडव तुझा. मी आयुष्यात एकच गोष्ट अशी केली होती जी फक्त माझी होती. निदान ती तरी माझ्या नावावर राहू द्यायची होतीस.